विश्लेषण : शहापूर-मुरबाडची माळराने ‘ऑफ-रोड’ गाड्यांना मोकळी आहेत का?

पावसाच्या पहिल्या दोन-चार सरी पडल्या की शहापूर-मुरबाडचे माळ हिरवे होतात आणि शनिवार-रविवारी तिकडे गाड्यांची रांग लागते. मुंबई-नाशिक महामार्गाने आसनगाव, कसाऱ्याकडे आणि कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या या गाड्यांत आता नेहमीच्या मोटारींबरोबर उंच चाकांच्या ‘फोर बाय फोर’ गाड्या आणि डर्ट बाइकही दिसतात. डांबरी रस्ता सोडून माळावर, ओहोळात, नदीपात्रात गाडी घालायची, चिखल उडवायचा, ड्रोनने चित्रीकरण करायचे आणि संध्याकाळपर्यंत रील टाकायची, असा हा छंद आहे. गाड्या निघून जातात. मागे राहतात त्या चाकोऱ्या.

ही जमीन सरकारी आहे, म्हणजे सर्वांची आहे, मग गाडी नेली तर बिघडले कुठे, असा प्रश्न हौशी चालक विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि ते देण्याची जबाबदारी आजवर कोणी घेतलेली नाही. खरी अडचण तिथेच आहे.

ऑफ-रोडिंग आताच का वाढले?

कारणे तीन. पहिले, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या पूर्वी लष्कर, वनखाते आणि मोजक्या शौकिनांकडे असत. आता त्या मासिक हप्त्यावर शोरूममधून मिळतात. दुसरे, अंतर. मुंबई महानगरातून शहापूर किंवा मुरबाड गाठायला दोन-अडीच तास पुरतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्याने शहापूर तालुका नाशिकच्या बाजूनेही जवळ आला. तिसरे कारण मोबाइल. एका ओहोळाचे ‘लोकेशन’ रीलखाली पडले की पुढच्या रविवारी तिथे आणखी गाड्या येतात.

या छंदाची शिस्तबद्ध बाजूही आहे. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही ऑफ-रोड स्पर्धा होत आली आहे. कसारा घाट चढून गेले की इगतपुरीजवळ एका वाहन कंपनीने खास ऑफ-रोड प्रशिक्षणासाठी अकादमी उभारली. आखलेला ट्रॅक, प्रशिक्षक, ओढून काढण्याची साधने, प्रथमोपचार हे सारे तिथे गृहीत असते. माळावरच्या रविवारच्या गर्दीत यातले काहीच नसते.

‘मोकळी जागा’ खरोखर मोकळी असते का?

शहरातून आलेल्याला मे महिन्यातले शहापूर ओसाड वाटते. करपलेले गवत, उघडा कातळ, रिकामी खाचरे. सरकारी कागदांचीही नजर फार वेगळी नाही. देशाच्या ‘वेस्टलँड अ‍ॅटलास’मध्ये झुडपी माळ आणि उघडा कातळ ‘पडीक’ म्हणूनच मोजले जातात. जिथे झाड नाही, पीक नाही, तिथे काहीच नाही, असा हा समज आहे.

पाड्यावरच्या माणसाला तोच माळ वेगळा दिसतो. तिथे गुरे चरतात. तिथले गवत आणि पालापाचोळा भातरोपांसाठी राब भाजायला लागतो. उन्हाळ्यात मोहाची फुले, करवंदे आणि पहिल्या पावसानंतर रानभाज्या तिथूनच येतात. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली कुटुंबांच्या वर्षाच्या हिशेबात या ‘पडीक’ जमिनीला पक्की जागा आहे. रिकामे दिसणारे खाचर हे रब्बीत आणि उन्हाळ्यात विश्रांती घेणारे शेतच असते. त्याचा बांध गाडीखाली ढासळला तर तो पावसाआधी कोणाला तरी हाताने पुन्हा घालावा लागतो.

माळावर टिटवी आणि रातवा उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवीची अंडी खडीच्या रंगाची असल्याने चालत्या माणसालाही पटकन दिसत नाहीत, मग स्टिअरिंगमागे बसलेल्याला कुठून दिसणार? तानसा अभयारण्यात तर २०१४ मध्ये रानपिंगळ्याची नोंद झाली. हा पक्षी नामशेष झाला असेच अनेक दशके समजले जात होते; १९९७ मध्ये तो नंदुरबारच्या शहादा परिसरात पुन्हा सापडला.

आणखी एक मोठा हिस्सेदार म्हणजे मुंबईकर. १८९२ पासून मुंबईला पाणी देणारा तानसा आणि शहराची सर्वाधिक तहान भागवणारा भातसा हे दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. धरणांचा तालुका असूनही उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर लागतो, ही विसंगती जुनी आहे. त्या पाड्यांचे झरे आणि ओहोळ म्हणजे ‘वॉटर क्रॉसिंग’चा सेट नव्हे.

एका चाकोरीने एवढे काय बिघडते?

दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, हे शाळेतले सूत्र इथे उपयोगी पडते. साधारण ३० पीएसआय हवा भरलेल्या चाकाखाली जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलोचा भार येतो. अनुभवी चालक हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवतात, त्यामुळे चाक पसरते आणि दाब जवळपास निम्मा होतो. अनवाणी उभ्या माणसाचा दाब याहून कितीतरी कमी असतो. गुरांच्या खुराचा दाब मात्र कमी नसतो, हे मान्य करायला हवे. ‘गुरे चालतात, मग गाडी का नको’ हा युक्तिवाद त्यातूनच येतो.

फरक दोन गोष्टींत आहे. खुराचे ठसे विखुरलेले असतात, चाकाचा माग सलग असतो. आणि खूर जमीन दाबतो, तर जागीच फिरणारे चाक ती खरवडते. गवताच्या मुळ्या तुटतात आणि खालची माती उघडी पडते. चढावर सरळ वर गेलेली अशी चाकोरी पावसात पन्हळ बनते. या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. पसरून मुरणारे पाणी मग त्या पन्हळीतून धावते आणि माती घेऊन जाते. दुसऱ्या वर्षी ती चाकोरी गाडीला खोल वाटते, म्हणून चालक शेजारून नवी काढतो. एकाच्या तीन होतात.

कातळावरच्या सड्यांवर मातीचा थर काही ठिकाणी बोटभर असतो. पावसाळी रानफुले तेवढ्यातच उगवतात. हा थर तयार व्हायला पिढ्या लागतात आणि तो निघायला एक दुपार पुरते.

जमीन किती काळ लक्षात ठेवते, याचे उदाहरण अमेरिकेतील मोहावी वाळवंटात आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४४ दरम्यान, तिथे रणगाड्यांचा सराव झाला. त्या रणगाड्यांचे माग काही ठिकाणी अजूनही दिसतात.

कायदा काय सांगतो?

सरकारी जमीन ही एकच एक गोष्ट नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. शेजारच्या दोन माळांना वेगवेगळे कायदे लागू असू शकतात.

अभयारण्य : तानसा अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झाले. भीमाशंकर अभयारण्याचा काही भागही ठाणे जिल्ह्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ आणि २८ नुसार इथे परवानगीशिवाय प्रवेश नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाहनही जप्त होऊ शकते.

राखीव वन : भारतीय वन कायदा, १९२७ चे कलम २६ विनापरवाना प्रवेशाला मनाई करते. गंमत अशी की या कलमात अतिक्रमण आणि गुरे चारणे शेजारी शेजारी येतात. पाड्यावरच्या गुराख्याला हे कलम तोंडपाठ असते, कारण त्याने ते भोगलेले असते. माळावर येणाऱ्या गाडीवाल्याने त्याचे नावही ऐकलेले नसते.

गुरचरण आणि गावठाणाबाहेरची सरकारी जमीन : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार ती गुरचरणासारख्या ठरावीक कामासाठी राखून ठेवता येते. मालकी शासनाची, वापर गावाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी राखण्याबाबत राज्यांना स्पष्ट निर्देश दिले.

अनुसूचित क्षेत्र : शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू होतो आणि सामाईक संसाधने जपण्याचा अधिकार ग्रामसभेकडे जातो. वनहक्क कायदा, २००६ चे कलम ५ ग्रामसभेला वन, वन्यजीव आणि पाणलोट जपण्याचा अधिकार देते. म्हणजे ‘गावकऱ्यांनी अडवले’ ही प्रत्येक वेळी दादागिरी नसते. अनेकदा तो कायद्याने दिलेला अधिकार असतो.

आणि गाडी : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. तसे केल्यास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. सार्वजनिक ठिकाणी शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे कलम १८९ खाली गुन्हा आहे. ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती जागा, अशी कायद्याची व्याख्या आहे.

एवढे कायदे असून अडते कुठे?

माळावर गाडी दिसली की फोन कोणाला करायचा, इथेच अडते. जमीन वनखात्याची असेल तर वनपाल, गुरचरण असेल तर तलाठी आणि तहसीलदार, जलाशयाकाठी असेल तर जलसंपदा विभाग किंवा मुंबई महापालिका, गाडीतल्या बदलांसाठी आरटीओ, बेदरकार चालवण्यासाठी पोलीस. सातबारा पाहून खाते ठरेपर्यंत गाडी टोलनाका ओलांडून गेलेली असते.

त्यामुळे उरतो तो एकच उपाय : बंदी आदेश. ठाणे जिल्हाधिकारी दर पावसाळ्यात धबधबे, तलाव, धरणे अशा ठिकाणी प्रतिबंधात्मक आदेश काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. जीव वाचवण्यासाठी ते गरजेचे असतात. पण ते माणूस बुडू नये म्हणून असतात, माळ वाचावा म्हणून नव्हे. मुदत संपली की आदेश संपतो, आणि नोव्हेंबर ते मे या काळात तर प्रश्नच कोणी विचारत नाही.

नियम ठरलेला नसला की दंडही ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहतो. जून २०२२ मध्ये लडाखमधील हुंडरच्या वाळूच्या टेकड्यांवर गाडी चालवणाऱ्या पर्यटकांना ५० हजार रुपये भरावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून गाडी नेणाऱ्याला साडेतीन हजारांचे चलान झाले. दोन्हीकडे कृती जवळपास सारखीच, दंडात चौदा पटींचा फरक.

वाळवंटी प्रदेशात हा प्रश्न कसा हाताळला गेला?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटी सरकारी जमिनींवर हाच वाद साठ वर्षांपूर्वी पेटला होता. फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी एक आदेश काढून सरकारी खात्यांना सांगितले की, गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही हे ठरवून जाहीर करा. आपला वन्यजीव संरक्षण कायदा त्याच वर्षीचा, हा योगायोग. १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यात भर घातली : माती, वनस्पती किंवा प्राण्यांची लक्षणीय हानी दिसली की तो भाग तत्काळ बंद करायचा.

त्यातून जमिनीचे तीन वर्ग झाले : खुली, मर्यादित आणि बंद. मर्यादित म्हणजे आखलेल्या वाटेवर, ठरलेल्या काळात, ठरलेल्या वाहनांना. कॅलिफोर्नियातील अल्गोडोन्स वाळूच्या टेकड्यांमधून एक महामार्ग जातो. त्याच्या उत्तरेचा भाग वाहनांना बंद, दक्षिणेचा मोठा भाग परवाना शुल्क भरून खुला. सीमारेषा नकाशा न वाचताही कळते. कॅलिफोर्नियाने १९७१ च्या कायद्याने अशा वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली, आणि नोंदणी शुल्क व इंधनकराचा वाटा वाटांची देखभाल, दुरुस्ती आणि बंदोबस्ताकडे वळवला.

तिथेही सारे आलबेल नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मोहावीतील जॉन्सन व्हॅलीत सरकारी जमिनीवरच्या शर्यतीत एक ट्रक प्रेक्षकांत घुसला आणि आठ जण मरण पावले. शर्यतीला परवानगी होती. परवानगीतल्या अटी पाळल्या जातात का, हे पाहायला प्रत्यक्ष जागेवर पुरेशी देखरेख नव्हती. कागदावरचा परवाना माणसे वाचवत नाही, हा त्याचा धडा. रील काढण्यासाठी गाडीच्या चार फुटांवर उभ्या राहणाऱ्या आपल्याकडच्या गर्दीलाही तो लागू पडतो. जुलै २०२५ मध्ये साताऱ्याच्या पाटण तालुक्यात पठारावर मोटार फिरवताना एक तरुण मोटारीसह सुमारे ३०० फूट दरीत कोसळून गंभीर जखमी झाला. त्याचाही व्हिडिओ सर्वांनी पाहिला.

मग सरसकट बंदीच का नको?

बंदी सोपी आहे आणि तिचा मोह होतो. पण तिचे तीन तोटे आहेत. एक, ती पाळली जात नाही. गाड्या आडवाटेच्या, अधिक नाजूक माळावर जातात. दोन, जबाबदारीने चालवणारे गट आणि हुल्लडबाज यांच्यात ती फरक करत नाही. तीन, गावातली जेवण देणारी खानावळ, पार्किंगची व्यवस्था करणारी मुले, रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून काढणारा शेतकरी यांचे उत्पन्न जाते. ते थोडे असेल, पण ज्या गावांत पावसानंतर लोक वीटभट्टीवर स्थलांतर करतात तिथे ते थोडे नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आज फायदा दोन-चार जणांना आणि नुकसान सगळ्या पाड्याला, असे हे गणित आहे. ते बदलण्याचे मार्ग राज्यात आहेत. ताडोबात पर्यटक आपली गाडी घेऊन वाटेल तिथे शिरत नाही. नोंदणीकृत जिप्सी, स्थानिक गाइड, ठरलेली वाट आणि ठरलेली संख्या असते. कास पठारावर आसपासच्या गावांची समिती शुल्क घेते आणि गाड्या लांब थांबवते. दोन्ही ठिकाणी त्रुटी आहेत. पण ‘कोणाला विचारायचे’ हा प्रश्न तिथे सुटलेला आहे.

शहापूर-मुरबाडसाठी काय करता येईल?

पहिले काम नकाशाचे. जिल्हाधिकाऱ्यांनी वन, महसूल, जलसंपदा, परिवहन आणि पोलीस यांना एका टेबलावर बसवून दोन्ही तालुक्यांचा एक नकाशा काढावा : लाल म्हणजे बंद, पिवळा म्हणजे आखलेली वाट, हिरवा म्हणजे परवानगीने खुला. अभयारण्य, नदीपात्र, जलाशयाचा काठ, सडे आणि चढावरचे माळ हे कायम लाल. हा नकाशा मोबाइलवर उघडला पाहिजे. ज्या मोबाइलने गर्दी आणली त्यानेच ती वळवावी.

दुसरे, हिरवी जागा शक्यतो खासगी किंवा आधीच बिघडलेली असावी. बंद पडलेल्या दगडखाणी यासाठी तपासता येतील. वनजमिनीवर कायमचा ट्रॅक करणे म्हणजे वनेतर वापर. त्याला केंद्राची पूर्वपरवानगी लागते, आणि त्या वाटेला जाण्याची गरजही नाही.

तिसरे, ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकही वाट पिवळी किंवा हिरवी करू नये. शुल्क थेट ग्रामसभेच्या कोषात जावे आणि त्याचा हिशेब फलकावर लागावा. गावाला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, तरच त्याच्या ‘हो’ला अर्थ आहे.

चौथे, पावसाळ्यात माती ओली असताना पिवळ्या वाटाही बंद ठेवाव्यात. चिखलासाठीच येणाऱ्यांना हे कटू वाटेल. पण सर्वाधिक नुकसान नेमके तेव्हाच होते.

पाचवे, बंद करण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाकडे हवा. चाकोरी ठरावीक खोलीपेक्षा जास्त झाली की वनरक्षक आणि ग्रामसभेने ती वाट त्या हंगामापुरती बंद करावी. मंत्रालयातून पत्र येईपर्यंत थांबू नये.

गाडी काढण्यापूर्वी काय तपासाल?

आखलेली व्यवस्था येईपर्यंत चालकांनी एवढे तरी पाहावे. जमीन कोणाची हे गावात विचारा. सरपंच किंवा वनरक्षक सांगू शकतात. नदीपात्र आणि ओहोळ टाळा. नवी चाकोरी काढू नका. खाचराच्या बांधावरून गाडी नेऊ नका. आणि विम्याची पॉलिसी एकदा वाचा : शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी केलेला वापर मोटार विम्यात वगळलेला असतो. गाडी दरीत गेली तर भरपाई मिळेलच असे नाही.

मराठीत ‘चाकोरीबाहेर’ जाणे हे धाडसाचे लक्षण मानतात. शहापूर-मुरबाडच्या माळावर मात्र सध्या प्रत्येक जण आपापली नवी चाकोरी पाडतो आहे, आणि ती बुजवायचे काम पाड्यावरच्या माणसाच्या वाट्याला येते आहे. वाट कोणती, हे एकदा ठरवून टाकणे हे प्रशासनाचे काम आहे. पुढचा पावसाळा येण्याआधी ते झाले, तर माळही राहील आणि हौसही राहील.